डिझेल पिकअपच्या मागील आसातील विभेदक : रचना, वंगण आणि पाणी

नवी मुंबईतील मालवाहतुकीचा बराच भार लहान डिझेल पिकअप गाड्या उचलतात. वाशी-तुर्भे येथील घाऊक बाजार, कळंबोलीचा पोलाद बाजार, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांच्या परिसरात त्यांची ये-जा अहोरात्र चालू असते. टेल्कोने १९८८ साली टाटा मोबाइल ही पिकअप बाजारात आणली. तेव्हापासून या वर्गातील गाड्यांच्या अनेक पिढ्या झाल्या. तथापि जुन्या गाड्या मोडीत न काढता चालवीत राहण्याकडेच लहान मालकाचा कल असतो. अशा मालकाचे इंजिनाच्या तेलाकडे लक्ष असते, कारण इंजिन रोज डोळ्यांसमोर व कानांसमोर असते. मागील आसाच्या मध्यभागी लोंबणाऱ्या लोखंडी गोलकाकडे मात्र, त्यातून घरघर ऐकू येईपर्यंत, सहसा कोणी वाकून पाहत नाही. घरघर ऐकू येऊ लागते तेव्हा दातांचे किंवा बेअरिंगांचे नुकसान बहुधा होऊन गेलेले असते. आणि एका गाडीवर ज्याचे घर चालते त्याला नवा क्राउन-पिनियन व गाडी उभी राहिलेले दिवस हा दुहेरी फटका बसतो.

या गोलकातील यंत्रणेस कारागीर ‘डिफरन्शियल’ किंवा नुसते ‘क्राउन’ म्हणतो. येथे तिच्यासाठी ‘विभेदक’ हा शब्द योजला आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत विभेदकाचे तेल किती किलोमीटरनंतर बदलावे याचा आकडा दिलेला असतो. तो चुकीचा नसतो. पण खाडीकाठच्या या शहरापुरता तो अपुरा ठरतो. येथे विभेदकाचे आयुष्य अंतरापेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून असते. असे का, हे पाहण्यासाठी प्रथम त्याच्या रचनेकडे वळणे अवश्य आहे.

बैलगाडीस विभेदक लागत नाही. तिची दोन्ही चाके आखावर स्वतंत्रपणे फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकाने अधिक फेरे घेतले तरी कोणाची हरकत नसते. अडचण उद्‌भवते ती चाकांनाच गती द्यावयाची म्हटल्यावर. दोन्ही चाके एकाच दांड्यास जखडली तर वळणावर एकास घसरावेच लागेल. हा पेच यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनासाठी फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने १८२७ साली आपल्या वाफेच्या गाडीत सोडविला. आजच्या पिकअपमधील मांडणी तत्त्वतः तीच आहे. इंजिनाकडून येणारा दांडा पिनियन फिरवितो, पिनियन क्राउन फिरवितो, क्राउनला जोडलेल्या पिंजऱ्यात एका आडव्या खिळीवर लहान दंतचक्रे बसविलेली असतात, आणि ती दोन्ही बाजूंच्या आसदांड्यांच्या चक्रांत गुंतलेली असतात. सरळ रस्त्यावर ही लहान चक्रे पिंजऱ्याबरोबर नुसती वाहून नेली जातात. वळणावर ती स्वतःभोवती फिरतात, आणि एका चाकाचा जितका वेग कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो. क्राउनचा वेग नेहमी दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी असतो.

या हालचालीचे प्रमाण काढणे सोपे आहे. मागील दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर धरले तर काटकोनातील एका वळणात बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.२ मीटर अधिक चालते. वळण अरुंद असो वा प्रशस्त, हा फरक बदलत नाही. त्यात वळणाची त्रिज्या येतच नाही. पिकअपच्या टायरचा परीघही साधारण इतकाच असतो. म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणामागे दोन चाकांत एका फेऱ्याचा फरक पडतो. पाम बीच मार्गासारख्या सरळ रस्त्यावर ही लहान चक्रे जवळजवळ विश्रांती घेतात. बाजाराच्या गाळ्यांमधून वळसे घेणाऱ्या गाडीत त्यांना सतत काम असते. तरीही ते काम संथ असते, आणि आडव्या खिळीवर उडून येणारे तेल त्यास पुरते.

ते पुरत नाही ते चिखलात. विभेदक वेग वाटून देतो, पण दोन्ही चाकांना मिळणारा पीळ समान ठेवतो. एक चाक चिखलात घसरू लागले की त्याला जेवढा पीळ पेलतो तेवढाच कोरड्या जमिनीवरील चाकालाही मिळतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. गाडी हलत नाही; घसरणारे चाक क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरते आणि लहान चक्रे खिळीवर गरगरतात. खिळीच्या आणि चक्राच्या भोकामधील तेलाचा पातळ थर तुटून धातूवर धातू घासण्यास या स्थितीत फार वेळ लागत नाही. अडकलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धरण्यापेक्षा चाकाखाली पोते किंवा फळी घालणे म्हणूनच शहाणपणाचे.

क्राउन आणि पिनियन यांचा प्रश्न वेगळा आहे. क्राउनला ४१ व पिनियनला ९ दात असलेली जोडी घेतली तर पिनियनकडे येणारा पीळ सुमारे साडेचार पट होऊन क्राउनकडे जातो, आणि हा सर्व भार कोणत्याही क्षणी दोन-तीन दातांच्या अरुंद पट्ट्यांवर असतो. शिवाय १९२० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या हायपॉइड पद्धतीच्या जोडीत पिनियनचा अक्ष क्राउनच्या अक्षाखालून जातो. त्यामुळे दात एकमेकांवर लोळतात तसेच लांबीच्या दिशेने घसरतातही. भार आणि घसरण एकत्र आल्यावर साध्या तेलाचा थर टिकत नाही. म्हणून या तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे घातलेली असतात. स्पर्शबिंदूवरील उष्णतेने ती पोलादाशी संयोग पावतात व दातांवर एक त्यागी थर तयार करतात. झिजतो तो थर, धातू नव्हे. जी.एल.-५ असा शिक्का असलेले तेल या कामाचे. हेच तेल गिअरबॉक्समध्ये घालणे मात्र योग्य नव्हे, कारण त्यातील काही संयुगे तेथील पितळी कड्यांना बाधतात. आणि इंजिनाचे उरलेले तेल विभेदकात ओतणे हा तर काटकसरीचा सर्वांत महाग प्रकार आहे.

आता पाण्याविषयी. नवी मुंबईच्या अनेक वसाहती खाडीलगतच्या सखल व भराव घातलेल्या जमिनीवर वसल्या आहेत. भरतीचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत साठून राहावे म्हणून सिडकोने बांध, झडपा व धारण तलाव यांची योजना केली. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले म्हणजे झडपा बंद राहतात आणि पाण्यास जाण्यास वाट नसते. २६ जुलै २००५ सारखा दिवस, ज्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, विरळा. परंतु चाकाच्या तुंब्यापर्यंत पाणी चढलेला भुयारी मार्ग किंवा बाजाराचे प्रवेशद्वार हे दृश्य दर पावसाळ्यात दिसते, आणि पिकअपचालक त्यातून गाडी काढतोच. पाणी इंजिनात न शिरल्याचे त्याला समाधान असते.

आसपेटीत, म्हणजे ज्यास कारागीर हौसिंग म्हणतो त्यात, काय घडते ते पाहावे. पेटीच्या माथ्यावर ब्रीदर नावाची एक लहान नळी किंवा टोपी असते. तेल तापल्यावर प्रसरण पावलेली हवा तिच्यातून बाहेर पडते. भरलेली गाडी तासभर चालली की पेटी ८० अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापते. ती ३० अंशांच्या पाण्यात उतरली की आतील हवा वेगाने निवते. निरपेक्ष तापमान ३५३ वरून ३०३ वर येते. अर्थात हवेचे आकारमान, वाट मिळाल्यास, सुमारे १४ टक्क्यांनी घटते. पेटीत चार लिटर हवा होती असे मानले आणि ब्रीदर पाण्याखाली गेला असे धरले, तर अर्ध्या लिटरहून अधिक पाणी आत ओढले जाऊ शकते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर परिस्थिती सुधारत नाही, बिघडते. तापताना वाढलेला दाब तेलास सीलमधून बाहेर रेटतो व ते ब्रेकच्या लायनरवर जाते. निवताना आत जवळजवळ दीड मीटर पाण्याच्या स्तंभाइतका ओढा निर्माण होतो. ऑइल सीलची ओठाळी तेल आत राखण्यासाठी घडविलेली असते, बाहेरचे पाणी थोपविण्यासाठी नव्हे. ती या ओढ्यापुढे नमते.

आत गेलेले पाणी चालत्या गाडीत घुसळले जाऊन तेलाचा दुधाळ फेस होतो, आणि उभ्या गाडीत ते हळूहळू तळाशी बसते. तेथे क्राउनचे खालचे दात रात्रभर त्यात बुडून राहतात. गंजाचे सूक्ष्म खळगे पडतात व पुढे त्यांतूनच चिरा फुटतात. बेअरिंगांची अवस्था याहून नाजूक असते. तेलातील एक टक्क्याहून कमी पाणीही रोलर बेअरिंगचे आयुष्य निम्म्याखाली आणू शकते, असे घर्षणशास्त्रातील प्रयोगांवरून दिसून आले आहे. खाडीचे खारे पाणी मिसळले असल्यास गंजण्याची क्रिया आणखी जलद होते. यांपैकी काहीच चालकास ऐकू येत नाही. काही महिन्यांनी, पावसाळा विसरला गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास घरघर सुरू होते आणि दोष भलत्याच कारणास दिला जातो.

म्हणून येथील पिकअपचे विभेदकाचे तेल पावसाळ्याच्या शेवटी तपासावे, आणि तुंब्याइतक्या पाण्यातून गाडी गेली असल्यास त्याच आठवड्यात. तपासणीची वेळ सकाळची असावी. गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहिलेली असली पाहिजे. तळाचा बूच किंचित सैल केला असता प्रथम जे थेंब पडतात ते सर्व सांगतात. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तेच आधी येते. पाणी नसेल तर बूच आवळून काम संपते. तेल बदलावयाचे ठरल्यास मात्र गाडी काही किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासह निथळते.

तेल काढण्यापूर्वी भरण्याचा वरचा बूच उघडून पाहावा, हा नियम जुन्या गाडीच्या बाबतीत कधीही मोडू नये. वर्षानुवर्षे न उघडलेला हा बूच गंजाने धरलेला असतो. खालून तेल सोडून दिले आणि वरचा बूच हलेना, तर गाडी तेथेच अडकते. गाडी उचलावयाची असेल तर पुढील चाकांना अटकण लावावी व आस लोखंडी घोड्यांवर टेकवावा. हातब्रेक बहुधा मागील चाकांवरच चालतो, तेव्हा ती चाके अधांतरी असताना त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. तळाच्या बुचास चुंबक असल्यास त्यावरील राखाडी लेप हा नेहमीच्या झिजेचा. तो पुसून टाकावा. बोटांस टोचणारी कपची किंवा दाताचा तुकडा आढळला तर नवे तेल ओतून उपयोग नाही, पेटी उघडणे प्राप्त आहे. रॉकेल किंवा डिझेलने पेटी धुण्याची पद्धत प्रचारात आहे. ते द्रव कोनाकोपऱ्यांत व बेअरिंगांत उरून नव्या तेलास पातळ करतात, त्यापेक्षा थोडे नवे तेलच धुण्यापुरते वापरून सोडून देणे बरे. नवे तेल वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरावे. त्याहून अधिक भरल्यास जास्तीचे तेल ब्रेककडे वाट काढते. ब्रीदर काढून स्वच्छ करावा. शक्य असल्यास त्याच्या तोंडाला रबरी नळी जोडून ती चेसिसच्या उंचीवर बांधावी. या एका नळीचा खर्च किरकोळ असतो, आणि वर वर्णिलेले अर्ध्याहून अधिक संकट ती टाळते.

पिनियनच्या सीलमधून तेल गळत असल्यास ते बदलण्याचे काम दिसते तितके साधे नाही. अनेक गाड्यांत पिनियनच्या नटाखाली चेपणारी नळी असते आणि नटाच्या आवळण्यावर बेअरिंगांचा पूर्वभार ठरतो. नट अंदाजाने आवळला तर एकतर पिनियन पुढेमागे हलतो किंवा बेअरिंग तापून जळते. नट काढण्यापूर्वी त्याच्या स्थानाची खूण करणे व दांडा फिरविण्यास लागणारा जोर मोजून ठेवणे ही किमान सावधगिरी होय.

पेटी उघडावीच लागली तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात. कारखान्यात ती एकमेकांवर घासून जुळविलेली असतात. शिवाय ४१ व ९ यांना सामाईक अवयव नसल्यामुळे चालताना प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताशी क्रमाने भेटलेला असतो, आणि एकाची झीज सर्वांवर उमटलेली असते. नवी जोडी बसविताना दातांना शेंदूर तेलात कालवून लावतात व क्राउन हाताने फिरवून ठसा पाहतात. ठसा दाताच्या मध्यावर, किंचित आतील टोकाकडे सरकलेला असावा. तो दाताच्या माथ्याशी उमटला तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, मुळाशी उमटला तर फार जवळ आला आहे, असे समजून पत्र्याच्या चकत्या घालाव्या वा काढाव्या. दोन दातांमधील मोकळीक सामान्यतः मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असते. ती हाताने हलवून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या कारागिराचा अनुभव दांडगा असेलही, पण डायल लावून मोजणाऱ्याकडे गाडी सोपविणे अधिक सुरक्षित.

जुनी गाडी विकत घेणाराने आवाजाच्या अभावावरही फार विश्वास ठेवू नये. घरघरणाऱ्या पेटीत लाकडाचा भुसा घालून ती काही दिवस मुकी करण्याची युक्ती जुनी आहे. सौद्यापूर्वी वरचा बूच उघडून करंगळी आत घालावी. तेलाचा वास उग्र गंधकाचा असावा, रंग मधासारखा किंवा काळसर. चहात दूध घातल्यासारखा रंग दिसला तर गाडी कोणत्या पाण्यातून आली असेल याचा अंदाज विक्रेत्याला न विचारताही करता येतो.

काढलेले तेल धोकादायक कचऱ्याच्या नियमांखाली येते व ते नोंदणीकृत पुनःप्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हवे. गटारात सोडल्यास ते धारण तलावांतून ठाणे खाडीत, म्हणजे २०२२ साली रामसर यादीत समाविष्ट झालेल्या पाणथळीत, जाते. डबा झाकण लावून ठेवला आणि दोन-तीन गाड्यांचे तेल जमल्यावर एकदम नेऊन दिले तर लहान गॅरेजलाही हे जमण्यासारखे आहे. तेल बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनी दोन्ही बुचांच्या आणि पिनियनच्या सीलच्या भोवती ओल दिसते का ते पाहावे, व पातळी पुन्हा एकदा बोटाने तपासावी.