सायनस: हवेचा आणि रक्ताचा

परिचयातील एका शिक्षकांनी मध्यंतरी आपला ईसीजी मला दाखवला. त्यावर ‘नॉर्मल सायनस ऱ्हिदम’ असे छापलेले होते. “हृदय ठीक आहे म्हणतात. मला सर्दीही नाही. मग हा सायनस आला कोठून?” त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

सायनस हा लॅटिन शब्द. वस्त्राची खोळ, किंवा आत वळलेला खोलगट भाग, असा त्याचा अर्थ. गणितातील ‘साइन’ही तोच. संस्कृत ‘जीवा’चे अरबीत ‘जीबा’ झाले. अरबीत स्वर पुरते लिहीत नसल्याने पुढे ते ‘जैब’, म्हणजे अंगरख्याची खोळ, असे वाचले गेले आणि बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ असे झाले. हिंदीतला ‘जेब’ याच कुळातला!

शरीररचनाशास्त्रात हे नाव पोकळीला दिले गेले, पोकळीत काय आहे याचा विचार न करता. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. नाकाच्या आसपासच्या हाडांतील सायनस हवेने भरलेले असतात. कवटीच्या आतील सायनस मात्र रक्ताचे. मेंदूभोवतीच्या जाड आवरणाच्या दोन थरांमध्ये हे मार्ग असतात. मेंदूतील नीलांचे रक्त त्यांत जमते आणि गळ्यातील मोठ्या नीलांत उतरते. मग त्यांना नीलाच का म्हणू नये? कारण त्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर नसतो, आत झडपा नसतात आणि ताठ आवरणामुळे ते नीलेसारखे सहज चपटे होत नाहीत. हृदयाच्या मागील बाजूस असलेल्या ‘कोरोनरी सायनस’च्या भिंतीत मात्र स्नायुतंतू असतात. तेव्हा या नावावरून रचनेचा नियम बांधता येत नाही.

आता ईसीजीकडे वळू. मासा व बेडूक यांच्या हृदयात नीलांचे रक्त प्रथम ‘सायनस व्हेनोसस’ नावाच्या कप्प्यात येते. मानवी गर्भातही तो असतो. पुढे त्याचा मोठा भाग उजव्या कर्णिकेच्या भिंतीत मिसळून जातो. हृदयाचा ठोका सुरू करणारी ‘सायनस नोड’ ही पेशींची गाठ तेथेच असते. अहवालातील शब्दांचा अर्थ इतकाच, की ठोका योग्य ठिकाणाहून सुरू होतो आहे. शिक्षकांची काळजी मिटली.

उलट दिशेची चूक मात्र महागात पडते. कवटीतील रक्ताच्या सायनसमध्ये गुठळी होते, तेव्हा डॉक्टर ‘सायनस थ्रॉम्बोसिस’ असे लिहितात. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत याचा धोका वाढतो. डोकेदुखी वाढत जाते, उलट्या होतात, नजर धूसर होते, कधी झटके येतात. घरच्या मंडळींना ओळखीचा तेवढा ‘सायनस’ हाच शब्द दिसतो आणि बाळंतिणीला वाफ दिली जाते. गुठळीवर वाफेचा काही उपयोग नाही. तिला रक्त गोठू न देणारी औषधे रुग्णालयात लगेच सुरू व्हावी लागतात, आणि ती वेळेवर मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात.