विदर्भांतील शिलावर्तुळें

प्राचीन अवशेष पाहावयास निघालेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें बहुधा लेणें असतें, देऊळ असतें किंवा किल्ला असतो. वेरूळास जावें, लोणारचीं देवळें पाहावीं, रामटेकची टेकडी चढावी, हा क्रम ठरलेला. परंतु ह्या सर्वांहून पुष्कळच जुनें असें कांहीं नागपुराभोंवतालच्या माळांवर उघडें पडलें आहे, हें त्याच्या गांवींहि नसतें. त्याबद्दल त्याला दोष देतां येणार नाहीं. ते दगड मुद्दाम दाखविल्यावांचून दिसत नाहींत. आणि दिसले तरी ते कोणीं बुद्धिपुरस्सर मांडलेले असतील, असें पाहणाऱ्यास एकदम वाटत नाहीं.

ह्या मांडणीस शिलावर्तुळ म्हणतात. नागपुराहून काटोलच्या रस्त्यानें सहा-सात मैल गेलें कीं जुनापाणी लागतें. त्या एकाच ठिकाणीं सुमारें तीनशें वर्तुळें आहेत. त्याच बाजूस थोडें पुढें माहुरझरी आहे. नैर्ऋत्येस बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट व खापा हीं गांवें आहेत, आणि उत्तरेस पेंच नदीच्या कांठीं नायकुंड आहे. ह्याखेरीज लहानमोठ्या कितीतरी गांवांच्या शिवारांत अशीं वर्तुळें विखुरलेलीं आहेत. नागपूरकर श्रोत्यांपैकीं अनेकजण त्यांच्या शेजारून आयुष्यभर गेले-आलेले असतील.

वर्तुळ ओळखावयाचें कसें? काळ्या कातळाचे मोठमोठे धोंडे, कांहीं गुडघ्याइतके तर कांहीं कमरेइतके उंच, एकमेकांना जवळजवळ खेटून गोलाकार बसविलेले असतात. निसर्गतः पडलेला धोंडा जमिनीवर कसाहि लोळत असतो. हा धोंडा जमिनींत रोवलेला असतो आणि त्याची सपाट बाजू पुष्कळदां बाहेरच्या अंगास केलेली असते. आंतील जागा कांठापेक्षां किंचित् फुगीर असते, कारण तींत माती, मुरूम आणि लहान दगड भरलेले असतात. लहान वर्तुळ पंधरा-वीस फूट रुंदीचें, तर मोठें साठ-सत्तर फुटांचें भरतें. जागाहि विचारपूर्वक निवडलेली दिसते. काळी कसदार जमीन सोडून, ओढ्याजवळच्या बरड उंचवट्यावर, जेथें नांगर चालवून फारसा लाभ नाहीं, तेथेंच हीं वर्तुळें आढळतात. जिवंतांच्या पोटाची जमीन मृतांसाठीं अडवावयाची नाहीं, हा शेतकऱ्याचा हिशेब त्यांत उघड आहे.

मृतांसाठीं म्हणावयाचें, कारण हीं वर्तुळें म्हणजे दफनाचीं स्थानें होत. परंतु एवढी साधी गोष्ट निश्चित व्हावयास बराच काळ लागला, आणि तिच्याभोंवतीं तर्कांचें मोठें रान माजलें.

इंग्रजी अंमलांतील अधिकाऱ्यांचें लक्ष तिकडे प्रथम गेलें. १८६७ सालीं पिअर्स नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें कामठीच्या छावणीपासून मैलभर अंतरावर, वारेगांव येथें, एक मोठें वर्तुळ उकरविलें; तेथील वस्तु लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें गेल्या. कापूस-खात्याचा अधिकारी म्हणून ह्या प्रांतांत फिरणाऱ्या रिव्हेट-कार्नाक ह्यानें १८७९ सालीं जुनापाणीच्या वर्तुळांविषयीं लिहिलें. त्याच्याहि पूर्वीं मेडोज टेलर ह्यानें दक्षिणेकडील शोरापूर संस्थानांत अशाच प्रकारचीं स्थानें खणलीं होतीं. ठगावरील कादंबरीमुळें प्रसिद्ध झालेला व पुढें नळदुर्गास अंमलदार असलेला, तोच हा टेलर. ह्या मंडळींनीं परिश्रम केले व नोंदीहि ठेवल्या, ह्याबद्दल त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु डोळ्यांपुढें स्वदेशांतील उभ्या शिळा आणि थडग्यांचे उंचवटे असल्यामुळें, इकडचीं वर्तुळें पाहतांच त्यांना केल्ट व शक लोकांची आठवण झाली. गोल तेंहि आणि गोल हेंहि. तेव्हां बांधणारे लोक एकच असले पाहिजेत, अशी ही विचारसरणी होती.

इंग्लंडांतील स्टोनहेंज येथील प्रचंड शिळा ईसवी सनापूर्वीं सुमारें २५०० च्या सुमारास उभ्या केलेल्या आहेत. त्या माणसाच्या दुपटीहून उंच आहेत, आणि तेव्हां तेथें लोखंड कोणासहि ठाऊक नव्हतें. विदर्भांतील वर्तुळें साधारणतः ईसवी सनापूर्वीं १००० ते ३०० ह्या काळांतील आहेत. त्यांत लोखंडाची रेलचेल आहे, आणि आभाळाला भिडणारी शिळा त्यांत बहुधा नसते. म्हणजे मध्यें दीड-दोन हजार वर्षांचें आणि अर्ध्या पृथ्वीचें अंतर आहे. मृताची जागा दगडांनीं आंखून घ्यावी, ही कल्पना निरनिराळ्या लोकांना स्वतंत्रपणें सुचूं शकते. मडकें गोल घडवावयास कुंभाराला परदेशीं जावें लागत नाहीं.

गांवकऱ्यांची समजूत ह्याहून निराळी होती. हे पूर्वींच्या गवळी लोकांचे तळ होत, असें ते सांगत. वर्तुळ म्हणजे तळ नव्हे, हें खरें. परंतु ह्या लोकांच्या जीवनांत गुरांना मोठें स्थान होतें, हें पुढें वस्त्यांत सांपडलेल्या हाडांवरून दिसून आलें. तेव्हां अक्षरशत्रु खेडूताचा तर्क विद्वान् साहेबाच्या तर्कापेक्षां सत्याला अधिक जवळ होता, असेंच म्हणावें लागतें.

खरा उलगडा झाला तो स्वातंत्र्योत्तर काळांतील पद्धतशीर उत्खननांनीं. १९६१ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे बी. के. थापर यांनीं जुनापाणीचीं तीन वर्तुळें उघडलीं. त्यानंतर नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनीं १९६८-६९ मध्यें टाकळघाट-खापा येथें व १९७० पासून माहुरझरी येथें खोदकाम केलें. वर्तुळ खणतांना त्याचे चार भाग पाडतात आणि समोरासमोरचे दोन भाग आधीं उतरवितात. मध्यें राहिलेल्या मातीच्या उभ्या भिंतीवर कोणता थर कोणत्या थरावर आला, हें वाचतां येतें. कुदळ क्वचितच चालते. बहुतेक काम लहान खुरपीनें व कुंचल्यानें होतें.

वर्तुळांच्या पोटांत काय मिळालें? मडकीं तर बहुतेक ठिकाणीं, वरचें अंग व आंतील बाजू काळी आणि खालचें अंग तांबडें अशीं. तीं भट्टींत पालथीं भाजलीं म्हणजे जो भाग झांकला जातो तो काळा पडतो, अशी त्यामागची युक्ति. कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, कट्यारी अशीं लोखंडी हत्यारें मिळालीं. कुऱ्हाड दांड्याला घट्ट बसावी म्हणून तिच्यावर लोखंडाच्या आडव्या पट्ट्या आवळलेल्या असत. ही तऱ्हा विदर्भाची खास. तांब्याचीं झांकणें मिळालीं, त्यांच्या शेंड्यावर लहान पक्षी बसविलेले आहेत. इंगळासारखे लाल अकीकाचे मणीहि मिळाले. माहुरझरी येथें एका प्रौढ माणसाच्या छातीवर तांब्याच्या मुठीची लोखंडी कट्यार ठेवलेली आढळली. ती ठेवणारा हात कोणाचा, मुलाचा कीं भावाचा, हें कोणतेंहि शास्त्र सांगणार नाहीं. पण ती भिरकावलेली नव्हती, ठेवलेली होती, एवढें मातीनें अडीच हजार वर्षें जपून ठेवलें.

सर्वांत अधिक विचार करावयास लावतो तो घोडा. कित्येक वर्तुळांत माणसाच्या जोडीला घोड्याचीं हाडें मिळतात. लगामाचीं लोखंडी कडियाळीं मिळतात, आणि घोड्याच्या मुखावर बांधावयाचें तांब्याच्या पत्र्याचें भूषणहि मिळतें. घोडा हें कांहीं विदर्भाच्या रानांत आपोआप वाढणारें जनावर नव्हे. तो दुरून आणावा लागे, पोसावा लागे, शिकवावा लागे. असें मोलाचें जनावर धन्याबरोबर पुरून टाकावयाचें, तेंहि सर्व साजासह, ह्याचा अर्थ त्या समाजांत कांहीं माणसें इतरांहून मोठीं मानलीं जात होतीं, आणि मोठेपणाची खूण घोडा ही होती. शेजारच्याच एखाद्या वर्तुळांत चारदोन मडकीं व हाडांचे कांहीं तुकडे एवढेंच निघतें. दोन्ही वर्तुळें बाहेरून सारखींच दिसतात.

हे लोक राहत कोठें, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. शेंकडों थडगीं आहेत आणि घर एकहि नाहीं, ही स्थिति चमत्कारिकच. कारण असें कीं, मृतांसाठीं त्यांनीं कातळ वापरला आणि स्वतःसाठीं माती, लांकूड व गवत. मातीची झोंपडी मातीस मिळते. टाकळघाट येथें वस्तीचें पांढर खणल्यावर खापा येथील वर्तुळांचे धनी सांपडले असें म्हणतां येईल. कारण तींच मडकीं आणि तेंच लोखंड दोन्हीकडे निघालें. नायकुंडास १९७७ ते १९८० ह्या काळांत डॉ. देव व डॉ. अरविंद जामखेडकर यांनीं केलेल्या उत्खननांत तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. भाजलेल्या विटांची, गोल, आणि भात्याचा वारा आंत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसह. म्हणजे हत्यारें परक्या मुलुखांतून येत नव्हतीं, तीं पेंचेच्या कांठींच घडत होतीं. नायकुंडाच्या मातींत जळलेले धान्याचे दाणेहि मिळाले आणि शेतीचा पुरावा हातीं आला. पेरणारे, गुरें राखणारे, लोखंड गाळणारे व घोडा बाळगणारे असे हे लोक होते. लिहिणें मात्र त्यांच्याजवळ नव्हतें. त्यांच्या राजाचें नांव नाहीं, देवाचें नांव नाहीं, भाषेचा एक शब्द नाहीं. जें आहे तें दगडांच्या व वस्तूंच्या मांडणींत आहे.

जुनापाणीच्या कांहीं शिळांवर वाटीच्या आकाराचे लहान लहान खळगे ओळीनें कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नाक ह्याचें लक्ष त्यांच्याकडे गेलेंच होतें. एकविसाव्या शतकांत खगोलशास्त्राच्या कांहीं अभ्यासकांनीं मोजमाप करून असें दाखविलें कीं, हे खळगे वाटेल त्या शिळेवर नसून, वर्तुळाच्या मध्यापासून पाहतां कांहीं ठराविक दिशांच्या शिळांवरच येतात. ह्यावरून सूर्याच्या किंवा नक्षत्रांच्या उदयास्ताचा संबंध जोडण्याचा यत्न झाला आहे. तो सर्वांना मान्य नाहीं. परंतु वाद घालावयाचा तरी शिळा आपल्या मूळ जागेवर असावयास पाहिजे. खळग्याची शिळा उचलून अंगणांत पायरी म्हणून बसविली, कीं ती केवळ पायरी झाली.

आणि नेमकें हेंच चाललें आहे. वर्तुळांतील धोंडे शेताच्या धुऱ्यावर गेले, घरांच्या पायांत गेले, फोडून रस्त्याच्या गिट्टींत गेले. धनाच्या लोभानें मध्यभाग उकरणारेहि होऊन गेले. त्यांना मिळालीं असतील तर गंजलेलीं लोखंडें व फुटकीं मडकीं. नागपूर शहर वाढत जाऊन पूर्वींच्या माळांवर घरांसाठीं प्लॉट आंखले जात आहेत. जुनापाणीसारखीं अनेक स्थानें केंद्र सरकारच्या संरक्षणाखालीं आहेत, १९५८ चा कायदा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनें संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध आहे. पण देवळाला कळस असतो, त्याला हात लावतांना मनुष्य कचरतो. वर्तुळाला असें कांहींच नाहीं. चार धोंडे हलविले तर आपण कांहीं मोडलें, असें हलविणारास वाटतहि नाहीं. तीनशें वर्तुळांपैकीं दहा गेलीं तर काय बिघडलें, असें कोणी विचारील. परंतु श्रीमंताचें वर्तुळ कोणतें व गरिबाचें कोणतें, कोण कोणाच्या शेजारीं निजला, हें सर्व मिळूनच त्या समाजाची हकीकत होते. दहा वर्तुळें गेलीं म्हणजे त्या एकुलत्या एक पोथीचीं दहा पानें गेलीं.

पाहावयास जावें तें मार्गशीर्ष ते माघ ह्या महिन्यांत. पावसाळ्यांत व त्यानंतर कांहीं काळ गवत इतकें उंच असतें कीं धोंडे झांकून जातात, आणि चैत्र-वैशाखांत तो माळ तव्यासारखा तापतो. सकाळीं लवकर किंवा दिवस कलतांना जावें. तिरप्या उन्हांत वर्तुळाचा मधला उंचवटा स्पष्ट दिसतो आणि खळग्यांत सांवली भरून ते ठळक होतात. भर दुपारीं तीच शिळा कोरी वाटते. प्रथम एका वर्तुळाची बाहेरून प्रदक्षिणा करावी, पावलांनीं माप घ्यावें, कोणत्या बाजूचे धोंडे मोठे आहेत तें पाहावें, आणि मगच दुसऱ्याकडे वळावें. खापर दिसलें तर जेथें आहे तेथेंच राहूं द्यावें. शेत नांगरतांना मडकें वा लोखंड लागलें तर शेतकऱ्यानें तें न उपसतां तलाठ्यास किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावें. उपसलेलें मडकें केवळ मडकें असतें. जागेवरचें मडकें साक्ष देतें.

ज्याला वर्तुळाहून निराळा प्रकार पाहावयाचा असेल त्यानें भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांकडे वळावें. तेथें कांहीं ठिकाणीं उभ्या शिळांवर आडवी शिळा टाकून केलेल्या, मोठ्या चौरंगासारख्या रचना आहेत. त्याहून पुढें गडचिरोलीच्या रानांत माडिया लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ आजहि शिळा उभी करतात. परंतु तेथें जाणारानें गांवच्या वडीलधाऱ्यांस विचारल्याशिवाय त्या शिळांजवळ जाऊं नये. जुनापाणीच्या शिळांचे वारस कोणी उरले नाहींत; ह्या शिळांचे वारस शेजारच्याच घरांत राहतात.