दोन रुपयांची हरकत

प्रचाराचा गदारोळ शमून मतदानाचा दिवस उजाडला, की एरवी पोरांच्या कलकलाटाने गजबजणाऱ्या शाळेच्या वर्गाला निराळेच रूप येते. ठेंगण्या बाकांवर निरनिराळ्या उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी खेटून बसलेले असतात. आदल्या आठवड्यापर्यंत एकमेकांच्या पक्षांचे वाभाडे काढणारी ही मंडळी. पण चहा आला की पहिला पेला शेजारच्यापुढे सरकवतात, आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नाही.

या शेजाराला नियमांनीच जागा करून दिली आहे, हे मात्र फारसे ध्यानात येत नाही. मतदान अधिकारी मतदाराचे नाव मोठ्याने वाचतो, ते प्रतिनिधींनी ऐकावे आणि समोरचा माणूस तोच आहे ना, हे पाहावे म्हणून. शंका आल्यास रोख दोन रुपये भरून हरकत घेता येते. केंद्राध्यक्ष तेथल्या तेथे चौकशी करतो. जरूर तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही विचारतो. हरकत उगाचच घेतली असे ठरल्यास ते दोन रुपये सरकारजमा होतात. १९६१ च्या नियमांतली ही रक्कम अजून तेवढीच आहे. आज त्यात अर्धा पेला चहाही येत नाही. पण समोरच्या खोलीतल्या आजोबांवर हरकत घेणार तरी कोण?

छायाचित्राचे ओळखपत्र आले ते १९९३ साली, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. तोवर मुख्य भिस्त होती ती चेहऱ्याच्या ओळखीवर. गावात, चाळीत ती पुरेशी होती. अर्थात अशा ओळखीचे गोडवे फार गाऊ नयेत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांतल्या या बायकांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. शेजार त्यांना ओळखत होता. यादीला तेवढे पुरेना. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने नावाचा आग्रह धरला, तो कठोर वाटला तरी योग्यच होता. साऱ्या आळीला केवळ ‘बंडूची आई’ म्हणून ठाऊक असलेल्या बाईचे संपूर्ण नाव त्या वर्गात खणखणीत आवाजात उच्चारले जाते, तेव्हा बाकावरचे प्रतिनिधीही क्षणभर चमकून मान वर करतात.

आता उंच इमारतींच्या वस्त्यांत नाव वाचले जाते, ओळखपत्र पाहिले जाते, शाई लागते. प्रतिनिधी मात्र यादीवरून नजर हलवीत नाही. समोरचा माणूस आपल्याच जिन्यावरचा असेल, याची त्याला कल्पना नसते. नव्याने राहावयास आलेल्या भाडेकरूला कोणाच्या ओळखीची याचना करावी लागत नाही, हा ओळखपत्राचा मोठाच लाभ. परंतु हरकतीचा नियम कायम राहून ती घेण्याइतकी ओळखच नाहीशी व्हावी, ही उणीव निवडणूक आयोगाला भरून काढता येणारी नव्हे.

जुन्या आळ्यांत अजून तसे झालेले नाही. संध्याकाळी दार बंद होण्याच्या वेळी रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या जातात, आणि धापा टाकीत आलेल्या एखाद्या मास्तरांना पाहून बाकावरून दोन विरुद्ध पक्षांचे प्रतिनिधी एकदमच म्हणतात, “या, या, तुमचीच वाट पाहत होतो.”