बंब पेटवा, पण सरपण वाचवा



पौषातली थंडी पडली की घाटावर काय अन् घाटाखाली काय, घरोघरी पहाटे बंब धुमसू लागतो. पऱ्हाटी, तुराट्या, बाभळीच्या ढलप्या त्यात जातात. पण यातली बरीच उष्णता पाण्याला न लागता नळकांड्यातून वर निघून जाते. ती कशी अडवायची ते पाहू.

आधी हिशेब बघा. २० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळल्या लाकडात सुमारे ३५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली, तर पावशेर लाकूडही लागणार नाही. उघड्या तीन दगडांच्या चुलीवर मात्र किलोभर सहज जाते. बंबात नळकांडे पाण्याच्या मधोमध असते, म्हणून तो बरा; पण निगा राखली तरच.

सरपण वाळलेले हवे. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. असे दोन किलो लाकूड जाळले, तर त्यातले लिटरभर पाणी वाफ करण्यातच ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणजे एका माणसाच्या आंघोळीची उष्णता धुरात गेली!

ढलप्या बारीक करा. नळकांडे ठासून भरू नका, थोडे थोडे घाला. जाळीखालची राख रोज काढा, कारण हवा तिथूनच येते. आठवड्यातून एकदा नळकांड्याची काजळी काथ्याच्या कुंच्याने झाडा. काजळी उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. खारपाणपट्ट्यातल्या जड पाण्याने आत पांढरा थर धरतो. लिंबाचा रस घातलेले पाणी रात्रभर ठेवून तो सैल करा, मग बंब स्वच्छ धुवा. विस्तव विझल्यावर बंबाला गोणपाट गुंडाळले, तर पाणी बराच वेळ गरम राहते.

पऱ्हाटीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीचे फार नुकसान केले. ही अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या कवड्या बोंडांत दडून बसते. म्हणून बोंडे तोडून नष्ट करा. पऱ्हाटीचा ढीग बांधावर पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नका; सरपणाला लागेल तेवढी आधी जाळून संपवा.

आता जिवाची गोष्ट. दारे-खिडक्या बंद करून न्हाणीत बंब कधीही पेटवू नका. अर्धवट जळणाऱ्या सरपणातून, विशेषतः निखाऱ्यांतून, कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. बंब उघड्यावर पेटवा, पाणी बादलीने आत न्या. पाणी भरल्याशिवाय जाळ लावू नका, नाहीतर सांधे उकलतात. वाफ जायची वाट घट्ट बंद करू नका. लेकरांना तोटीपासून दूर ठेवा.

एवढे सांभाळले, तर सरपणाची मोळी जास्त दिवस पुरेल आणि मायबहिणींची पायपीटही तेवढी कमी होईल.