घर ग्राहकाचे, दलाल कोणाचा?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळात जन्मली त्या काळी घर बांधणारा आणि घरात राहणारा बहुधा एकच असे. गवंडी कोणता, लाकूड कोठले, पाया किती खोल, हे सारे मालकाच्या डोळ्यांदेखत ठरे. आज पुणे, ठाणे, नाशिक किंवा नागपूर येथे घर घेणारा शिक्षक अथवा कारकून घर बांधीत नाही. कागदावरचा नकाशा आणि सजवलेली नमुना सदनिका पाहून तो एक वचन विकत घेतो. या वचनासाठी ४० लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने व साडेआठ टक्के व्याजाने काढले, तर दरमहा सुमारे ३४ हजार ७०० रुपयांचा हप्ता पडतो आणि एकूण परतफेड ८३ लाखांवर जाते. नोकरीची उमेदीची वर्षे गहाण टाकणाऱ्या या व्यवहारात आपल्या बाजूने बोलणारा माणूस कोण, हा प्रश्न मात्र ग्राहक क्वचितच विचारतो.

वस्तुतः या व्यवहारात माणसांची वाण नसते. विक्री कार्यालयातील हसतमुख तरुण असतो, पण त्याचे वेतन बांधकाम व्यावसायिकाकडून येते. नकाशे काढणारा वास्तुविशारद आणि करारनाम्याचा मसुदा करणारा वकील हेही त्याच व्यावसायिकाने नेमलेले असतात. बँकेचा वकील जमिनीचे कागद तपासतो हे खरे. परंतु बँकेचे कर्ज सुरक्षित राहील काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो. ग्राहकाला चटईक्षेत्र कमी मिळेल काय, ताबा लांबेल काय, वाहनतळाच्या नावाखाली जादा पैसे घेतले जात आहेत काय, याची चिंता वाहण्याचे काम त्याच्याकडे सोपविलेले नसते. राहता राहिला दलाल. तो ग्राहकाला गाडीतून फिरवितो, चहा पाजतो, ‘साहेब, तुमच्यासाठी मी शब्द टाकतो’ असे सांगतो आणि ग्राहकाकडून एक पैसाही घेत नाही. म्हणूनच तो आपला माणूस आहे, असा ग्राहकाचा समज होतो. खरा घोटाळा येथेच आहे.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. ज्याने प्रतिनिधीला नेमले त्या मालकाच्या हिताशी प्रतिनिधीने प्रामाणिक राहावे, हे तत्त्व त्या कायद्यात स्पष्ट आहे. तेव्हा दलाल प्रामाणिक आहे की नाही, हा येथील प्रश्नच नव्हे. तो कोणाशी प्रामाणिक आहे, हा प्रश्न आहे. नव्या इमारतीतील सदनिकेवरील दलाली बहुतेक वेळा बांधकाम व्यावसायिक देतो. ज्याचे मीठ खावे त्याच्याशी इमान राखावे, हा व्यवहाराचा नियम दलाल पाळीत असेल तर त्याला दोष देता येणार नाही. दोष आहे तो ही गोष्ट ग्राहकापासून झाकली जाण्यात.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. समजा, सदनिकेची किंमत ६० लाख आहे आणि दलाली दोन टक्के, म्हणजे १ लाख २० हजार रुपये आहे. घासाघीस करून किंमत एक लाखाने उतरविली तर ग्राहकाचा एक लाखाचा लाभ होतो, दलालाची मात्र दोन हजारांची हानी होते. याहून गंभीर प्रसंग दुसरा. जमिनीच्या मालकीत खोट आहे असे दलालाच्या लक्षात आले आणि त्याने ‘हे घर घेऊ नका’ असा सल्ला दिला, तर ग्राहकाचे ६० लाख वाचतात, पण दलालाचे १ लाख २० हजार बुडतात. जो सल्ला ग्राहकाला सर्वांत मोलाचा, तोच देणाऱ्याला सर्वांत महाग पडावा, अशी ही रचना आहे. याउलट ठरावीक शुल्क घेणाऱ्या सल्लागाराला घर घेतले काय किंवा न घेतले काय, मोबदला तेवढाच मिळतो. म्हणून ‘नको’ हा शब्द उच्चारणे त्याला परवडते.

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि ग्राहकाला मात्र नाहीत, अशा बाजारात काय घडते याचे विवेचन जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन केले. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो याच विचारासाठी. पुढे स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील घरविक्रीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. दलाल स्वतःचे घर विकताना अधिक दिवस थांबतात आणि अधिक किंमत मिळवितात, अशिलाचे घर मात्र त्या मानाने लवकर व स्वस्तात विकून मोकळे होतात, असे त्यात आढळले. तेथील दलाल लबाड होते असा याचा अर्थ नव्हे. अशिलाला मिळणाऱ्या जादा रकमेतील त्यांचा वाटा इतका अल्प असतो की तिच्यासाठी थांबणे त्यांना किफायतशीर वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेत ग्राहकाचा स्वतंत्र प्रतिनिधी ही रूढ संस्था आहे. नव्या वसाहतीतील विक्री कार्यालयात बसलेला मनुष्य बांधकाम कंपनीचा असतो, हे ओळखून ग्राहक आपला प्रतिनिधी बरोबर नेतो. पहिल्याच भेटीत तो सोबत असावा, अशी अट अनेक कंपन्या घालतात. परंतु त्याचेही शुल्क परंपरेने विक्रेत्याच्या बाजूने दिले जात असल्याने तेथेही निष्ठेचा प्रश्न उरलाच. अखेर प्रकरण न्यायालयात गेले. दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने मार्च २०२४ मध्ये ४१ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. त्या तडजोडीनुसार १७ ऑगस्ट २०२४ पासून, घर दाखविण्यापूर्वीच ग्राहकाशी लेखी करार करून मोबदला स्पष्ट नमूद करण्याचे बंधन संघटनेच्या सूचीप्रणालीत सहभागी असणाऱ्या दलालांवर आले. तेथील पद्धत जशीच्या तशी येथे आणावी असे नव्हे. पण ‘तू कोणाचा आणि तुला किती मिळणार’ हे आधी लेखी ठरावे, हा धडा घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्र या बाबतीत अगदीच मागे नाही. मालकी सदनिकांविषयीचा कायदा या राज्याने १९६३ सालीच केला. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने तर ग्राहकाच्या हाती बरीच शस्त्रे दिली. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, विक्री चटईक्षेत्रावरच व्हावी लागते आणि रचनेतील दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे राहते. नोंदणी झालेल्या प्रकल्पांत काम करणाऱ्या दलालांनाही नोंदणी सक्तीची आहे आणि महारेराने २०२३ साली त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षेची अट घातली. तथापि दलालांची कर्तव्ये सांगणाऱ्या कायद्याच्या दहाव्या कलमात, दलाली कोण देतो व किती, हे ग्राहकाला लेखी कळविण्याचा स्पष्ट उल्लेख नाही. परीक्षेने दलालाचे ज्ञान वाढेल. त्याच्या निष्ठेची दिशा बदलणार नाही.

शिवाय माहिती उपलब्ध असणे आणि ती उमगणे या भिन्न गोष्टी आहेत. महारेराच्या संकेतस्थळावर कागदपत्रे असतात. परंतु मालमत्ता पत्रकावरील बोजा, मंजूर नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम यांतील तफावत, भोगवटा प्रमाणपत्र संपूर्ण इमारतीचे की काही मजल्यांचेच, हे ताडण्यासाठी जाणकाराचा डोळा लागतो. इमारतीच्या तळमजल्यावरील खांबांमधली वाहनतळाची जागा स्वतंत्र सदनिका म्हणून विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. तो किती ग्राहकांना ठाऊक असतो?

‘दलालीचे पैसे बांधकाम व्यावसायिक देतो, मग वेगळा खर्च कशाला?’ असा आक्षेप घेतला जाईल. व्यावसायिक ती रक्कम पदरची देत नाही. ती किमतीतूनच येते. मात्र दलालाला वगळून गेल्याने किंमत आपोआप उतरेल, अशी आशाही धरू नये. एकाला दर कमी केला की पुढचा प्रत्येक ग्राहक तोच मागणार, या भीतीने व्यावसायिक छापील दराला सहसा हात लावू देत नाही. त्याऐवजी मुद्रांक शुल्क, स्वयंपाकघराची मांडणी किंवा हप्त्यांचे वेळापत्रक यांत तो सवलत देतो. ती कोठे व किती मागावी हे ग्राहकाच्या बाजूचा जाणकारच सांगू शकतो. तेव्हा घर शोधण्यासाठी दलालाची मदत जरूर घ्यावी. ते पारखण्याचे काम मात्र त्याच्यावर सोपवू नये. त्यासाठी स्वतः शुल्क देऊन वकील व अभियंता नेमावा, आणि तोही इसार देण्यापूर्वी. इसारानंतर येणारा सल्ला बहुधा सांत्वनापुरताच उरतो.

हा खर्च एकट्याला जड वाटत असेल तर तो वाटून घेता येतो. एकाच इमारतीत घर घेणाऱ्या वीस जणांनी मिळून ६० हजार रुपये शुल्काचा वकील व अभियंता नेमला तर प्रत्येकी तीन हजार रुपये पडतात. शिक्षकांच्या व नोकरवर्गाच्या सहकारी पतसंस्था गावोगाव आहेत. सभासदांना कर्ज देणाऱ्या या संस्थांनी वकील व अभियंत्यांचे एक मंडळ नेमून सभासदांना माफक शुल्कात सल्ला देण्याची सोय केली, तर सहकाराच्या परंपरेला ते शोभून दिसेल. पथ्य एकच: या मंडळाने बांधकाम व्यावसायिकाकडून कोणत्याही स्वरूपात काही घेता कामा नये. ते पथ्य मोडले की आणखी एक दलाल तेवढा निर्माण होईल.

शासनाकडून अपेक्षा आहे ती मोठ्या योजनेची नव्हे, एका पानी पत्रकाची. दलाल कोणातर्फे काम करतो आणि त्याला कोणाकडून किती रक्कम मिळणार, हे सांगणारे व त्याची सही असलेले पत्रक पहिल्या भेटीतच ग्राहकाच्या हाती पडावे. त्याने दलालाचा धंदा बुडणार नाही. जे प्रामाणिक आहेत त्यांची प्रतिष्ठा उलट वाढेल. फुकट मिळणाऱ्या सल्ल्याची किंमत कोणी तरी मोजलेली असतेच, आणि ज्याने ती मोजली सल्ला त्याचाच असतो, एवढे तरी ग्राहकाला सही करण्यापूर्वी कळले पाहिजे.