‘अजून किती वेळ?’

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मुंबईहून सकाळी सातच्या विमानानं आम्ही दिल्लीला निघालो होतो. मी, माझी भाची आणि तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा. दिल्लीत दाट धुकं होतं. सातचे साडेनऊ झाले, साडेनऊचे अकरा. पहाटे चारला उठवलेला आमचा नातू पहिला तासभर खुशीत होता. काचेपलीकडची विमानं मोजून झाली, डब्यातलं केळं खाऊन झालं. साडेआठच्या सुमारास मात्र त्यानं बूट काढून भिरकावले आणि फरशीवर लोळण घेतली. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ‘‘द्या की मोबाइल त्याच्या हातात.’’ भाची रडवेली झाली होती. हळूच माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘मावशी, बॅगेत सर्दीचं औषध आहे. अर्धा चमचा देऊ का? झोपेल तरी.’’

बालरोगतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. सुट्ट्या जवळ आल्या की ओपीडीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी तो येतोच. त्याचं उत्तर पुढे देतेच. त्याआधी ते मूल फरशीवर का लोळत होतं, ते बघू.

आपल्याला ‘दोन तास उशीर’ म्हटलं की त्याचा अंदाज येतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला येत नाही. या वयात वेळ घड्याळावर नसते, ती घटनांमध्ये असते. ‘जेवणानंतर’, ‘बाबा आले की’, ‘झोपून उठल्यावर’ हे त्याला कळतं. ‘अकरा वाजता’ हे नुसते शब्द असतात. शिवाय मनात आलेलं दाबून ठेवणं, थांबणं, एका गोष्टीवरून मन दुसरीकडे वळवणं ही कामं मेंदूचा कपाळामागचा पुढचा भाग करतो. हा भाग पूर्ण पक्व व्हायला विशी ओलांडावी लागते. चार वर्षांच्या मुलाकडून तीन तास शहाण्यासारखं बसण्याची अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याच्याकडे अजून नसलेली गोष्ट मागणं. त्यात झोपमोड, भूक, गोंगाट आणि झगझगीत दिवे यांची भर पडली की मोठ्यांचाही तोल जातो.

शरीराचं म्हणणं वेगळंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यांना बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभरापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये, असं त्यात म्हटलं आहे. विमानात बसल्यावर पट्टा लागणारच आहे. तेव्हा विमानतळावरचा वेळ हा बसवून ठेवण्याचा नाही, हालचालीचा आहे. आपण नेमकं उलट करतो. ‘बस इथे गप्प’ म्हणत मुलाची सगळी शिदोरी गेटवरच संपवतो.

थांबणं मुलांना कशामुळे जमतं, यावर मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीला वॉल्टर मिशेल यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मुलांपुढे खाऊ ठेवला आणि सांगितलं, आत्ता खाल्लास तर हा एवढाच. मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त मिळेल. हा प्रयोग बहुतेकांना ‘मनोनिग्रहाची परीक्षा’ म्हणून माहीत असतो. पण त्यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. ज्यांना खेळणं दिलं होतं किंवा काहीतरी गमतीचं आठवत बसायला सांगितलं होतं, ती मुलं जास्त वेळ थांबली. जी खाऊचाच विचार करत होती, त्यांचा धीर लवकर सुटला. ‘आता येईल हं विमान, बघ येतंय का’ असं दर पाच मिनिटांनी सांगून आपण मुलाचं मन पुन्हा पुन्हा त्या न येणाऱ्या विमानाकडेच नेतो, ते असं.

दुसरा प्रयोग सिलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी आधी मुलांना चांगले रंग आणून देण्याचं वचन दिलं. काही मुलांना ते रंग खरोखर मिळाले, काहींना ‘अरे, नाहीत वाटतं’ एवढंच ऐकायला मिळालं. मग तीच खाऊची परीक्षा घेतली. वचन पाळलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. वचन मोडलेली जेमतेम तीन. थांबण्याची ताकद मुलाच्या स्वभावाइतकीच समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दावर अवलंबून असते, असं यातून दिसतं.

तेव्हा पहिला नियम हा : ‘पाच मिनिटांत जाऊ’ असं खोटं सांगू नका. त्याऐवजी क्रम सांगा. ‘आधी आपण त्या टोकापर्यंत चालत जाऊ, मग दशमी खाऊ, मग गोष्ट, मग परत पाटी बघू.’ कागद-पेन असेल तर याची चित्रं काढून द्या आणि एकेक गोष्ट झाली की मुलालाच त्यावर फुली मारू द्या. उशीर वाढला तर तोही खरा सांगा : ‘तिकडे धुकं आहे, पायलटकाकांना रस्ता दिसत नाही, म्हणून आपण थांबलोय.’ कारण कळलं की थांबणं थोडं सोपं होतं, लहानांना आणि मोठ्यांनाही.

दुसरा नियम : आधी पाय, मग पोट, मग बैठे खेळ. गर्दीपासून दूरचं, रिकामं गेट शोधा. तिथे बेडकासारख्या उड्या, फरशीच्या रेघांवरून तोल सांभाळत चालणं, लंगडी, ‘स्टॅच्यू’ असं काहीही चालेल. मुंबईच्या टर्मिनल 2 मध्ये ‘जय हे’ हा कलासंग्रह भिंतींवर मांडलेला आहे. तुमच्या वाटेवर त्याचा भाग लागला तर ‘यात चेहरा कुठे दिसतो, पक्षी कुठे दिसतो’ असं शोधत चालता येतं. कलाकृती नसली तरी लाल बॅगा, टोपीवाले काका आणि चाकं असलेल्या वस्तू प्रत्येक विमानतळावर असतात. सरकता जिना आणि सरकता पट्टा ही मात्र खेळण्याची जागा नाही. सामानाच्या ट्रॉलीवर मुलाला उभं करणंही टाळा. ट्रॉली उलटून डोक्याला लागतं.

मग बैठे खेळ. यासाठी दुकानात जायची गरज नाही. ‘कावळा उड, चिमणी उड’ आठवतंय? बोट कधी उचलायचं आणि ‘म्हैस उड’ म्हटल्यावर ते कसं दाबून ठेवायचं, एवढाच तो खेळ. ‘शिवाजी म्हणतो’ही तसाच : शिवाजी म्हणाला तरच हात वर, नाही तर नाही. गंमत अशी, की मुलांचा स्वतःवर किती ताबा आहे हे मोजायला मानसशास्त्रज्ञ वापरतात त्या चाचण्या याच धाटणीच्या असतात. डोक्याला हात लाव म्हटलं की पायाच्या बोटांना लावायचा, पायाला म्हटलं की डोक्याला. आपल्या आज्या अंगणात हेच खेळवत होत्या. थोड्या मोठ्या मुलांसाठी भेंड्या आणि ‘नाव-गाव-फळ-फूल’ आहेच. अगदी तान्ह्यांना आपडी-थापडी आणि ओढणीआडून ‘बुवा कुक्’ पुरतं.

खेळण्यांच्या बाबतीत ‘भरपूर’ म्हणजे ‘चांगलं’ नव्हे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लहानग्यांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त कल्पकतेनं खेळली. म्हणून पिशवीत तीन-चारच वस्तू ठेवा, त्या एकदम बाहेर काढू नका. कोरा कागद आणि खडू, चिकटचित्रं, रुमाल, दोन छोटे प्राणी बस्स. रुमालाचा उंदीरही होतो आणि प्राण्यांचं पांघरूणही.

आता मोबाइल. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2021 च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको. अपवाद अधूनमधून घरच्यांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. चार तास अडकलेल्या आईनं अर्धा तास मुलाला गोष्टीचा व्हिडिओ दाखवला, तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण केव्हा दाखवता हे महत्त्वाचं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या 422 मुलांचा मागोवा घेतला. चिडलेल्या मुलाला शांत करायला वारंवार मोबाइल देण्याचा संबंध पुढे जास्त चिडचिडेपणाशी दिसला, विशेषतः मुलग्यांमध्ये. कारण उघड आहे. राग आला की काय करायचं हे शिकायची संधीच मिळत नाही, आणि रडलं की मोबाइल मिळतो हे मात्र पक्कं शिकून होतं. म्हणून पडदा द्यायचाच तर मूल शांत असताना, ठरवून, ‘दोन गोष्टी झाल्या की बंद’ असं आधी सांगून द्या. आणि तो विमानात बसल्यावरच्या वेळेसाठी राखून ठेवता आला तर उत्तम.

आता त्या अर्ध्या चमच्याकडे वळू. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांत गुंगी आणणारे घटक असतात. पण मुलाला झोपवण्यासाठी ते देणं धोक्याचं आहे. वजनानुसार मात्रा जरा चुकली तरी श्वास मंदावू शकतो. काही मुलांत तर उलटाच परिणाम होतो. झोपण्याऐवजी ती सैरभैर होतात, आणि हे विमानात कळतं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिले. ही बाटली अनेक घरांत असते. ती झोपेचं औषध नाही. तुमच्या डॉक्टरांनी त्या मुलासाठी, त्या आजारासाठी सांगितलं असेल, तेव्हाच औषध द्यायचं.

खाण्याबाबतही थोडी सावधगिरी हवी. वेळ जावा म्हणून आपण शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, गोळ्या पुढे करतो. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात नेमक्या याच वस्तू अडकतात, त्यातून ते पळत-हसत खात असेल तर जास्तच. द्राक्षं उभी चिरून द्या. दशमी, धपाटे, केळं, मऊ लाडू बरे. पाणी थोडं थोडं देत राहा. बाळाचं दूध आणि खाणं सुरक्षा तपासणीतून नेता येतं, फक्त ते आधी दाखवा. विमानतळावर घेतलेलं दिवे लागणारं स्वस्त खेळणं मुलाला देण्याआधी उलटून पाहा. त्यातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी प्रवास सोडा आणि रुग्णालय गाठा.

दोन कामाच्या गोष्टी. अनेक विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. तेव्हा खेळात रमण्याआधी पाटीवर लक्ष ठेवायचं काम एका मोठ्या माणसाकडे द्या, आणि मुलाच्या मनगटावर किंवा कपड्याच्या आतल्या बाजूला तुमचा फोन क्रमांक लिहा. दुसरं, देशांतर्गत नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल, तर थांबलेल्या प्रवाशांना खाणं-पिणं देणं विमान कंपनीकडून अपेक्षित आहे. लहान मूल सोबत असताना काउंटरवर जाऊन विचारायला संकोच कशाला?

त्या सकाळी बाटली बॅगेतच राहिली. भाची फरशीवरच मुलाशेजारी बसली. काही समजावलं नाही, रागावली नाही, नुसता पाठीवरून हात फिरवत राहिली. पाच-सात मिनिटांनी हुंदके थांबले. मग आम्ही तिघं शेवटच्या रिकाम्या गेटपर्यंत बेडूक होऊन गेलो. माझे गुडघे अजून आठवण काढतात. परत येऊन ‘कावळा उड’ सुरू केलं. थोड्या वेळानं मघाचे ते गृहस्थही खेळात आले आणि ‘विमान उड’ला बोट उचलायचं विसरले. नातू खदखदून हसला. ‘‘आजोबा, विमान उडतं!’’ त्यानं त्यांना समजावलं.

अकराचे पावणेबारा झाले. विमान सुटलं तेव्हा तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. उतरताना कानात दडे बसू नयेत म्हणून आम्ही त्याला थोडं आधी उठवलं आणि घोट घोट पाणी पाजलं. लहान मुलांची कान आणि घसा जोडणारी नळी अरुंद आणि आडवी असते, गिळण्यानं ती उघडते. डोळे चोळत त्यानं विचारलं, ‘‘आलं दिल्ली?’’

‘‘पाणी संपलं की आलं,’’ भाची म्हणाली. आणि तसंच झालं.