रेल्वे आली की गाव मोठं होतं का? किर्लोस्करवाडीची गोष्ट

आमच्या वडूजला चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आपल्याकडं रेल्वे असती ना, तर पोरं पुण्या-मुंबईला गेलीच नसती." मी हे ऐकतच मोठा झालो. खरं आहे का ते? चला, एका रेल्वेच्या गावाला जाऊन बघू.

वडूजवरून वाहणारी येरळा पुढे सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, पुणे-मिरज लाईनवर, 'कुंडल रोड' नावाचं छोटंसं स्टेशन होतं. भोवती नुसता माळ, निवडुंग आणि साप.

त्याच सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांवर जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. औंध संस्थान सलग नव्हतं, त्याचे तुकडे लांबलांब विखुरलेले. कुंडल त्यातलंच. तिथला ३२ एकर माळ त्यांनी दिला आणि १९१० मध्ये कारखान्याचा संसार तिथं हलला.

आता गंमत बघा. जमशेदपूरला लोहखनिज आणि कोळसा त्यामानाने जवळ होता. इथं दोन्ही नाही! कच्चा माल रेल्वेनं आणायचा, तयार नांगर रेल्वेनंच पाठवायचे. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. पुढे उसाचे चरक आले, पाण्याचे पंप आले. कामगारांसाठी घरं, शाळा उभी राहिली. शेवटी स्टेशनचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालं.

मग हे सगळं रेल्वेनं केलं का? रेल्वेशिवाय जमलं नसतं, हे नक्की. पण त्याच लाईनवर कोरेगाव, रहिमतपूर, मसूर ही स्टेशनंही आहेत की! त्यांच्या नशिबी असा कारखाना आला नाही. कुंडल रोडला जमीन देणारा राजा होता, आणि भोवतालच्या शेतकऱ्याला काय लागतं हे ओळखणारा कारागीर होता. नांगर आणि पंप ही आपल्या दुष्काळी मुलखाचीच गरज होती.

म्हणून मला वाटतं, टपरीवरचा प्रश्न थोडा बदलायला हवा. रेल्वे कधी येणार हे विचारूच. पण उद्या आलीच, तर वडूजच्या स्टेशनातून गाडीत काय चढवणार? फक्त पोरंच?

तुमच्या गावाचं उत्तर काय, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!